जमिनीलगत म्हणजे सोपं? कोणी सांगितलं?

"जमिनीलगतच ठेवा, म्हणजे भीती नाही."

रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर पहिल्यांदा हातात घेणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतो. मला मिळाला तेव्हा त्याला एक प्रेमळ शेपूटही होतं. "आजी, तुम्ही आपलं जमिनीलगतच ठेवा हं!" सांगणारे सगळे भले लोक. मनात काही वाईट नाही. पण भल्या माणसाने भल्या मनाने दिलेला सल्ला बरोबरच असतो, असं कुठे लिहून ठेवलंय? छत्तीस वर्षं शाळेत काढली मी. मुलांचं नुकसान वाईट शिक्षकांनी जेवढं केलं, त्याहून जास्त "अगं सोपं आहे, कर की" म्हणणाऱ्या चांगल्या शिक्षकांनी केलेलं पाहिलंय.

तर आज या सल्ल्याशी भांडायचं आहे. नातेवाईक म्हणतील, या वयात हिला भांडायला हेलिकॉप्टरच सापडलं का? नेहमीचे ब्लॉगमित्र म्हणतील, बाई ऱ्हस्व-दीर्घावरून उतरल्या आणि आता हवेत गेल्या. म्हणोत बापडे. मी आपली मुद्द्यावर येते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. बाजारात लहान मुलांसाठी एकावर एक दोन पंखे असलेलं जे हेलिकॉप्टर मिळतं, दिवाणखान्यात सोडलं की आपोआप स्थिर राहणारं, त्याबद्दल मी बोलत नाहीये. मी बोलतेय ते खऱ्या हेलिकॉप्टरसारखं, वर एक मोठा रोटर आणि शेपटीला एक छोटा, अशा यंत्राबद्दल. माझ्याकडचं आहे ते ४५० या आकाराचं. पाती ३२५ मिलिमीटर लांबीची. रोटरचा व्यास साधारण ७१ सेंटीमीटर, बॅटरीसकट वजन ८५० ग्रॅमच्या आसपास. रोटर मिनिटाला अडीच हजार फेरे घेतो. म्हणजे पात्याच्या टोकाचा वेग झाला ताशी ३३० किलोमीटरच्या वर. हे खेळणं नव्हे. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका १९ वर्षांच्या, चांगला हात बसलेल्या मुलाचा स्वतःच्याच रिमोट हेलिकॉप्टरचं पातं लागून जीव गेला. त्याचं यंत्र माझ्यापेक्षा बरंच मोठं होतं, पण धडा सगळ्यांना तोच. म्हणून कसं शिकवायचं हा वाद माझ्या लेखी रिकामटेकड्यांचा वाद नाही.

हेलिकॉप्टर एका जागी हवेत स्थिर ठेवणं म्हणजे हॉवर करणं. शिकणाऱ्याची पहिली यत्ता हीच. आणि या पहिल्या यत्तेतच घोडं पेंड खातं, कारण ते हॉवर किती उंचीवर शिकायचं हे सांगताना बहुतेक जण उचलली जीभ लावली टाळ्याला असं करतात. म्हणे दहा सेंटीमीटरवर ठेवा. एकदा ते जमलं की मग हळूहळू वर न्या.

ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! खालून वर जायचं, सोप्याकडून अवघडाकडे जायचं. डी.एड.च्या पुस्तकात शोभेल असं वाक्य. फक्त एक अडचण आहे. खालची हवा सोपी नाही. आपल्या हेलिकॉप्टरच्या वाट्याला येणारी सगळ्यात अवघड हवा म्हणजे जमिनीलगतची पहिली वीतभर हवा.

का, ते सांगते. मी बीए, तेही मराठी माध्यमातून. विज्ञानाशी माझं सख्य नव्हतं. पण हा छंद लागल्यावर वही-पेन घेऊन बसले, आणि आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांकडून गणितं तपासून घेतली.

हेलिकॉप्टर हवेत राहतं ते हवेला खाली ढकलून. माझ्या ८५० ग्रॅमच्या यंत्राला तरंगत राहायला सेकंदाला जवळजवळ १.४ किलो हवा खाली ढकलावी लागते. म्हणजे स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त, आणि तीही दर सेकंदाला! ही हवा रोटरमधून जाताना सेकंदाला ३ मीटर वेगाने जाते आणि खाली मोकळी जागा असेल तर तिचा वेग दुप्पट होतो. आता खाली जमीन आली. हवेला जायला वाट नाही. ती थबकते, बाजूंना पसरते. रोटरखालची हवा तुंबल्यामुळे तेवढ्याच ताकदीत जास्त उचल मिळते. यालाच ग्राउंड इफेक्ट म्हणतात. मी त्याला हवेची गादी म्हणते.

ही गादी किती जाड? १९५५ साली चीझमन आणि बेनेट या दोन संशोधकांनी यासाठी एक सुटसुटीत सूत्र दिलं, आणि अंदाज बांधायला ते आजही वापरतात. माझ्या यंत्रात रोटर स्किडपासून (म्हणजे खालच्या दोन पायपट्ट्यांपासून) साधारण २३ सेंटीमीटर उंचीवर आहे. त्यावरून आकडे येतात ते असे. स्किड नुकते सुटत असताना उचल साधारण १७ टक्के जास्त. स्किड १२ सेंटीमीटरवर गेले की ७ टक्क्यांच्या आसपास. अर्ध्या मीटरजवळ दीड टक्का. एक मीटरवर अर्धा टक्का, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. पहिल्या १२ सेंटीमीटरांत फरक १० टक्क्यांचा. आणि अर्ध्या मीटरपासून एक मीटरपर्यंत फरक एका टक्क्याचा. ज्या पोराला डाव्या दांडीची आणि उंचीची सांगड अजून घालायची आहे, त्याला तुम्ही नेमकं तिथे नेऊन ठेवलंत जिथे ती सांगड बोटा-बोटावर बदलते. दांडी आत्ता होती तिथेच आहे, तरी यंत्र वर का गेलं? आत्ता वर गेलं त्याच दांडीला आता खाली का बसतंय? त्याला कळणार कसं? पट्टीवरचे आकडे रोज बदलायचे आणि मुलाला म्हणायचं, माप नीट!

"अहो, पण गादी तर मदतच करते ना? खाली आलं की आपोआप उचलून धरते." हा प्रश्न मला हटकून विचारला जातो आणि तो चुकीचा नाही. उंचीपुरती गादी मदत करते, मान्य. पण गादीला कठडे नाहीत. हेलिकॉप्टर तिच्यावरून घसरतं. ५ अंशांचा कल, जो सात मीटरवरून नवख्याच्या नजरेला दिसतही नाही, यंत्राला एका सेकंदात चाळीसेक सेंटीमीटर आणि दोन सेकंदांत पावणेदोन मीटर बाजूला नेतो. शिवाय जमिनीवर आपटून बाजूला पसरलेली हवा गप्प बसत नाही. ती गोळा होऊन वर वळते, पुन्हा रोटरमध्ये येते, शेपटीच्या छोट्या पंख्याला धक्के देते. यंत्र थोडं पुढे सरकलं की स्वतःच उठवलेल्या भोवऱ्यात शिरतं. आणि ही गादी सगळीकडे सारखी नाही. सिमेंटवर घट्ट, हरळीवर मऊ, उंच गवतावर जवळजवळ नाहीच. वारा आला की पातळ. आमच्या सांगलीकडच्या नांगरट झालेल्या काळ्या रानावर तर एका स्किडखाली ढेकूळ आणि दुसऱ्याखाली सरी. एकाच वेळी दोन वेगळ्या गाद्या!

आता खरी मेख ऐका. शेपटीचा पंखा यंत्राला गरगर फिरू देत नाही, पण ते करताना पूर्ण यंत्राला एका बाजूला ढकलतो. बहुतेक मॉडेल हेलिकॉप्टरांचा मोठा रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, आणि म्हणून ती डावीकडे सरकू पाहतात. एका जागी उभं राहायचं तर त्यांना किंचित उजवीकडे झुकूनच उभं राहावं लागतं. म्हणजे नीट उचललं तर डावा स्किड आधी सुटतो आणि उजवा मागून. हे बरोबर आहे. हेच बरोबर आहे! पण जमिनीलगत हे दिसतं कसं? यंत्र कलंडतंय असं. नवखा काय करणार? सरळ करायला जाणार. सरळ केलं की ते डावीकडे घसरणार, स्किड हरळीत अडकणार, आणि अडकलेल्या स्किडभोवती पूर्ण यंत्र उलटणार. घाबरून दांडी वर ओढली तर आणखी जोरात उलटणार, कारण त्या क्षणी दांडी खाली करायची असते. खऱ्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना या प्रकाराबद्दल स्वतंत्र धडा असतो. डायनॅमिक रोलओव्हर म्हणतात त्याला. आपण मात्र पहिल्याच दिवशी नवख्याला त्याच्या दारात उभं करतो आणि म्हणतो, इथे भीती नाही.

मीटरभर उंचीवर हाच कल निरुपद्रवी असतो. यंत्र झुकलेलं दिसतं, सरकत नाही, शिकणाऱ्याला पटतं की याची उभं राहण्याची ढबच अशी आहे. तिथे अडकायला हरळी नाही.

"पण वरून पडलं तर जास्त मोडेल." हा दुसरा आक्षेप, आणि बहुतेकांचा हुकमाचा पत्ता. त्यांना मी माझी वही दाखवते. ८५० ग्रॅम वजन एका मीटरवरून पडलं तर त्यात ऊर्जा असते ८ ज्यूलच्या थोडी वर. आणि मिनिटाला अडीच हजार फेरे घेणाऱ्या त्या दोन पात्यांमध्ये साठलेली ऊर्जा? ढोबळमानाने १०० ज्यूल. बारा पट! हेलिकॉप्टर मोडतं ते पडण्याने नाही, फिरती पाती जमिनीला लागल्याने मोडतं. जमिनीलगत उलटलं की पाती पूर्ण वेगात मातीत घुसतात. पाती, शाफ्ट, शेपटीचा दांडा, सगळं एका फटक्यात. मीटरभरावर बिघडतंय असं दिसलं तर मोटर बंद करायचं बटण (थ्रॉटल होल्ड) दाबायला निदान वेळ असतो.

वेळ किती, तेही मोजलंय. गादीचा आधार सोडून द्या आणि उचल ५ टक्के कमी पडली असं धरा. दहा सेंटीमीटर खाली यायला लागतो साधारण ०.६ सेकंद. एक मीटर खाली यायला २ सेकंद. माझ्या वयाच्या बाईला या दोन आकड्यांतलं अंतर समजावून सांगावं लागत नाही. दाराची बेल वाजल्यापासून "आले" म्हणेपर्यंत ०.६ सेकंद कधीच निघून गेलेला असतो.

इथे एखादा जाणकार मला अडवेल. खऱ्या हेलिकॉप्टरचे विद्यार्थीसुद्धा स्किड जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर ठेवून हॉवर शिकतात, म्हणजे तेही गादीवरच असतात. बरोबर. शिकवायला सर्रास वापरतात त्या रॉबिन्सन आर-२२ च्या रोटरचा व्यास ७.६७ मीटर. माझ्या यंत्राच्या जवळजवळ ११ पट. तेव्हा त्यांचे साडेतीन फूट म्हणजे माझे दहा सेंटीमीटरच की! हिशेब चोख आहे. फक्त एक गोष्ट राहून गेली. यंत्र ११ पट लहान झालं, माणूस नाही झाला. लहान यंत्राचं सगळं बिघडणं तिप्पट वेगाने घडतं, आणि आपली बोटं आणि आपला मेंदू तेवढेच संथ राहतात. त्या विद्यार्थ्याच्या शेजारी शिक्षक बसलेला असतो, त्याच्याही हातापायाशी सगळे कंट्रोल असतात. विद्यार्थ्याला खुर्चीतून कळतं की यंत्र झुकलं. आपण सात मीटर लांब उभे. स्किड आठ सेंटीमीटरवर आहेत की बारा, हे गवताआडून दिसत नाही.

आणि उदाहरणच हवं तर मंगळावरचं घ्या. १९ एप्रिल २०२१ रोजी नासाच्या इंजेन्युइटी या १.८ किलोच्या हेलिकॉप्टरने तिथे पहिलं उड्डाण केलं. पहिल्याच खेपेला, कोट्यवधी किलोमीटर लांब, मोडलं तर दुरुस्तीला माणूस नाही. ते दहा सेंटीमीटरवर घुटमळलं का? नाही. थेट ३ मीटरवर गेलं, तिथे स्थिर राहिलं आणि उतरलं. एकूण ३९ सेकंद. रोटर १.२ मीटरचा, म्हणजे उंची झाली व्यासाच्या अडीच पट.

दहा सेंटीमीटरच्या सल्ल्याचा एक शहरी अवतार आहे, तो म्हणजे गच्ची. "गच्चीवर शिकव, चारी बाजूंनी कठडा आहे, बाहेर जाणार नाही." याला माझा विरोध दुप्पट आहे. खाली लोक राहतात, वाहनं उभी असतात, हे तर आहेच. पण कठड्याने हवा कोंडते. खाली ढकललेली हवा भिंतीला आपटून वर चढते आणि पुन्हा रोटरमध्ये ओढली जाते. भिंतीकडच्या बाजूची उचल कमी होते आणि यंत्र भिंतीकडेच झुकतं. मोठमोठ्यांना हे भोवलंय. २ मे २०११ च्या रात्री अबोटाबादला अमेरिकी कमांडोंचं एक हेलिकॉप्टर उंच भिंतींच्या आवारावर हॉवर करत असताना खाली बसलं आणि शेपूट भिंतीवर अडकली. नंतर प्रसिद्ध झालेल्या वर्णनांनुसार, सरावासाठी उभारलेल्या नकली आवाराला भिंतीच्या जागी जाळीचं कुंपण होतं. जाळीतून हवा निघून जायची, खऱ्या भिंतीने ती परत पाठवली. जगातले निवडक वैमानिक, महागडं यंत्र, आठवड्यांचा सराव, आणि तरी कोंडलेल्या हवेने गाठलंच. आणि आपण आठवीतल्या मुलाला गच्चीवर पाठवतो, तिथे सुरक्षित आहे म्हणून!

आता ज्या कारणासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. आमच्या धाकट्या जाऊबाईंचा नातू नववीत आहे. हौशी, हाताने कामसू पोर. त्याने हट्ट करून असं हेलिकॉप्टर घेतलं. शिकवणाऱ्या गृहस्थांनी (नाव कशाला घेऊ?) त्याला सांगितलं, "फक्त दहा सेंटीमीटर उचल आणि स्थिर ठेव. एवढं सोपं जमलं की पुढचं शिकवतो." तीन रविवार. पात्यांचे चार जोड. चौथ्या रविवारी तो गेलाच नाही. हेलिकॉप्टर खोक्यात, खोकं माळ्यावर. मी विचारलं तर म्हणाला, "काकूआजी, मला सोपंसुद्धा जमत नाही."

त्यातला "सुद्धा" मला झोपू देत नाही.

पात्यांचे चार जोड गेले त्याचं काही नाही, ते विकत मिळतात. पण या मुलाच्या डोक्यात बसलं की पहिली पायरी सोपी होती आणि ती त्याला चढता आली नाही. प्रत्यक्षात त्याला जिन्याची सगळ्यात निसरडी, सगळ्यात उंच पायरी पहिली म्हणून दिली गेली होती. अवघड गोष्टीला अवघड म्हणून दिलं आणि मूल पडलं, तर ते म्हणतं, गोष्ट अवघड आहे. सोपं म्हणून दिलं आणि पडलं, तर ते म्हणतं, मी मठ्ठ आहे. मी हे वर्गात शेकडो वेळा पाहिलंय. जोडाक्षरांत, भागाकारात, निबंधात. नापास गोष्टीने नाही केलेलं, त्या एका शब्दाने केलेलं असतं.

हळू आणि खाली म्हणजे सोपं, हा समज आला कुठून? आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनात स्लो सायकलिंगची शर्यत असते की नाही? सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला. जोरात सायकल हाणणारी पोरं तिथे धडाधड पाय टेकतात. ही शर्यत आपण सगळ्यांनी पाहिलीय, आणि तरी नव्या माणसाला म्हणतो, हळूच चालव, सोपं असतं.

आणि पोहायला आपण कसे शिकलो? निदान माझ्या पिढीतल्या खेड्यातल्या मुली-मुलगे? विहिरीत. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा किंवा सुका भोपळा बांधायचा आणि खोल पाण्यात सोडायचं. पायरीवरच्या गुडघाभर पाण्यात कोणी पोहायला शिकवत नसे, कारण तिथे पोहणं होतच नाही. गुडघे दगडाला लागतात, पोर उभं राहतं, हात मारायला जागा नसते. खोलात भीती होती, पण बिंडा होता, आणि काका शेजारी होते. अवघडाला अवघड म्हणायचे आणि आधार द्यायचे.

हेलिकॉप्टरलाही बिंडा असतो. दोन लांब काठ्या फुलीसारख्या बांधून चारी टोकांना टेबल टेनिसचे चेंडू लावायचे आणि ते स्किडखाली पक्के करायचे. पाया रुंद होतो, चेंडू गवतावरून सरकतात, उलटण्याची भीती पुष्कळ कमी होते. काही जण हे लावून यंत्र सपाट जागेवर नुसतं जमिनीवरून सरकवायला शिकवतात. त्याला माझा विरोध नाही. चेंडू टेकलेलेच आहेत, तो वेगळा धडा आहे. माझा विरोध आहे ना जमिनीवर ना हवेत अशा त्या दहा सेंटीमीटरच्या त्रिशंकूला.

मग शिकवायचं कसं? नुसती टीका करून पळणाऱ्यातली मी नाही. आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर बोटांना दिशा कळू द्या. तिथे पाती फुकट असतात. मग काठ्या-चेंडू लावून, सकाळी वारा पडलेला असताना, मोकळ्या सपाट मैदानावर, यंत्रापासून सहा-सात मीटर लांब, डोळ्यांना चष्मा लावून उभे राहा. यंत्राची शेपटी आपल्याकडे. उचलायचं तर ठामपणे उचला, रेंगाळू नका, आणि स्किड मीटरभर ते दीड मीटरवर नेऊन तिथे धरा. पहिल्या दिवशी पाच सेकंद धरलं तरी पुरे. उतरा. पुन्हा. एका बॅटरीत पाच-सहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात वीस वेळा होतं.

हे हातात बसलं की मग खाली या. हो, मग खालीच या! कारण जमिनीलगतचा हॉवर शिकायलाच हवा. प्रत्येक उड्डाण शेवटी त्याच वीतभर हवेतून उतरणार आहे. एक मीटरवर धरा, मग अर्ध्यावर, मग तीस सेंटीमीटरवर, मग पंधरावर. प्रत्येक पायरीला दांडी किती मागे आणावी लागते ते बोटांना कळू द्या. गादी जिथे लागते तो क्षण ओळखायला शिका. मग हाच पाठ सिमेंटवर करा आणि हरळीवर करा, म्हणजे गादी-गादीतला फरक कळेल. पंधरा सेंटीमीटरवर मिनिटभर यंत्र न हलवता ठेवणारा माणूस मला उलटं-सुलटं उडवणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो. हॉवरला कंटाळून थेट कसरतींकडे पळणाऱ्यांना मी एवढंच म्हणते, पी हळद आणि हो गोरी असं इथे होत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न. "आता ड्रोन स्वतःच एका जागी थांबतात, मग हे हाताने कशाला शिकायचं?" ड्रोन थांबतात, खरं आहे. पण ड्रोनला ती हवा सोपी जाते असं समजू नका. आर्डुपायलट नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ग्राउंड इफेक्टसाठी वेगळी सोय करावी लागलीय, कारण जमिनीलगत पंख्यांखालच्या हवेचा दाब वाढतो आणि उंची मोजणारं उपकरण फसतं. यंत्र बनवणाऱ्यांनी त्या वीतभर हवेला अवघड मानून तिचा बंदोबस्त केला. आपण नववीतल्या मुलाला मात्र ती सोपी म्हणून दिली.

शिकवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. "जमिनीलगत ठेव" म्हणण्याआधी त्या मुलाच्या यंत्राचा रोटर किती मोठा आहे ते विचारा आणि निदान तेवढी तरी हवा त्याच्या स्किडखाली राहू द्या. आणि जिथे अवघड आहे तिथे अवघड म्हणा. मुलं घाबरत नाहीत त्या शब्दाला.

आणि बाळा, तू हे वाचशील हे मला ठाऊक आहे, तुझी आजी मोठ्याने वाचून दाखवेल. ते खोकं माळ्यावरून काढ. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला शाळेच्या मैदानावर ये, तेव्हा वारा नसतो. बॅटरी भरून आण. काठ्या आणि चेंडू मी आणते.